होस्ट म्हणजे नेमका कोणता

पत्र आलं तेव्हा बाई चहा गाळत होत्या. ओट्यावरचा फोन थरथरला, त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि पहिलं वाक्य वाचूनच त्यांचे खांदे पडले. ‘तुमच्या पुस्तिकेत होस्ट म्हणजे नेमका कोणता कॉम्प्युटर?’ अकरा वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला याची मोजदाद त्यांनी केव्हाच सोडून दिली होती. उत्तर तयार होतं, एका फाइलीत लिहून ठेवलेलं. ते उचलायचं, डकवायचं, खाली ‘शुभेच्छा’ लिहायचं. चहा निवायच्या आत काम उरकत असे.

बाई काही प्रोग्राम लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कचेरीत त्या मुद्रितशोधक होत्या. तीस वर्षं लाल पेन्सिल हातात धरून त्यांच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. प्रोग्राम होता त्यांच्या दादाचा. दादा तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. त्याने तळहाताएवढी एक पेटी बनवली होती. ती शीतकपाटात किंवा थंड खोलीत टांगून ठेवायची. आतलं तापमान चढायला लागलं की ती घसा फोडून ओरडायची. पेटीतला प्रोग्राम दादाने सगळ्यांना फुकट देऊन टाकला. कोणीही घ्या, उघडून बघा, हवा तसा बदला. बघता बघता दवाखान्यांत, रक्तपेढ्यांत, फुलांच्या गोदामांत, कुठे कुठे त्या पेट्या लागल्या. लोकांनी इंटरनेटवर चर्चेसाठी फोरम काढला, दुरुस्त्या पाठवल्या, भांडणं केली.

दादाचं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद होता. पुस्तिकेतल्या एका वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहिला होता, तो बाईंनी दिला. एवढा एकच बदल त्यांनी पाठवला आणि तो मंजूर झाला. तेव्हापासून फोरमवर थट्टेने त्यांचं नाव पडलं ‘पूर्णविराम’. पुढे दादा कंटाळून बाजूला झाला, आणि पुस्तिका बाईंच्या गळ्यात आली ती आलीच.

भानगड अशी होती. पेटी इवलीशी. तिच्यात प्रोग्राम चालू शकतो, पण तयार होऊ शकत नाही, तेवढी तिची ताकद नाही. म्हणून तो मोठ्या कॉम्प्युटरवर तयार करायचा आणि मग पेटीत भरायचा. घरी स्वयंपाक करून डबा कामावर न्यावा, तसं. या तयार करण्याला म्हणतात बिल्ड करणं. म्हणजे यंत्रं झाली दोन: एक जिथे प्रोग्राम तयार होतो ते, आणि एक जिथे तो चालतो ते. इथवर कोणालाही समजतं. पण पुस्तिकेत या दोन यंत्रांना होस्ट आणि टार्गेट असे शब्द वापरले होते, आणि नेमकं तिथेच लोकांचं घोडं पेंड खायचं.

बाईंनी चहा कपात ओतला, तयार उत्तराची फाइल उघडली आणि शिष्टाचार म्हणून पत्राचा उरलेला भाग वाचायला घेतला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

पत्र जनावरांच्या एका डॉक्टरचं होतं. लहानसा दवाखाना ती एकटीच चालवत होती. लशींच्या शीतकपाटावरची जुनी घंटा बिघडली म्हणून तिने दादाची पेटी मागवली आणि पुस्तिका समोर ठेवून प्रोग्राम बिल्ड करायला बसली. सलग चार संध्याकाळी बसली. प्रत्येक वेळी बिल्ड बिनतक्रार व्हायचं, आणि प्रत्येक वेळी पेटी मुकी. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, कपाटाचा फ्यूज उडाला. सोमवारी सकाळी तिने दार उघडलं तर कुप्या कोमट. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. नव्या लशी यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात एका कुत्रीची पाच पिल्लं आजारी पडली, त्यातली दोन गेली.

‘याचा दोष मी तुम्हाला देत नाही,’ तिने लिहिलं होतं. ‘फ्यूज काही तुम्ही उडवला नव्हता. पण मी तुमची जुनी उत्तरं शोधून वाचली. सहा वर्षांपूर्वी तुम्ही एकाला लिहिलंय की होस्ट म्हणजे आपण ज्याच्यासमोर बसलोय तो कॉम्प्युटर. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याला लिहिलंय की होस्ट म्हणजे ज्यावर प्रोग्राम चालणार ते यंत्र. दोन्हींच्या खाली तुमचंच नाव आहे. मी दमले आहे. यातलं खरं कुठलं, एवढंच सांगा.’

बाईंनी दोन्ही उत्तरं शोधून काढली. डॉक्टर म्हणत होती ते अक्षरन् अक्षर खरं होतं. सहा वर्षांपूर्वीच्या माणसाचा प्रश्न पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल होता, तीन वर्षांपूर्वीच्याचा सातव्या प्रकरणाबद्दल. प्रश्न एकेका प्रकरणाबद्दल असल्याने बाईंनी दोन्ही वेळा तयार उत्तराऐवजी त्या त्या प्रकरणात डोकावून, तिथे जे लिहिलं होतं तेच आपल्या शब्दांत सांगितलं होतं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. तीस वर्षांच्या मुद्रितशोधनात ‘र्‍हस्व-दीर्घ’ सुटलं नाही, आणि हे सुटलं. त्या दिवशी कचेरीत त्यांनी भूगोलाच्या पुस्तकाची बारा पानं वाचली आणि त्यातलं एकही त्यांना आठवेना.

रविवारी त्या दादाकडे गेल्या. दादा दोन बस बदलून जायच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार वहिनीने उघडलं. आत घेता घेताच तिने हळू आवाजात बजावलं, की डोळ्यांमुळे तो आधीच चिडचिडा झालाय, त्याच्यासमोर त्या पेटीचं नावसुद्धा काढू नकोस. बाईंनी पिशवीतून जाड छापलेले कागद काढून दाखवले. वहिनीने कपाळाला हात लावला आणि ती पाणी आणायला आत गेली.

दादा खिडकीशी बसला होता. मोतीबिंदू पिकायची वाट बघत होता. बाईंनी दोन्ही प्रकरणं मुद्दाम मोठ्या अक्षरांत छापून आणली होती. ती त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवली आणि होस्ट शब्दाभोवती केलेल्या लाल खुणांवर बोट ठेवलं. दादाने कागद नाकाशी नेला. बराच वेळ वाचत राहिला. तिसरं प्रकरण, मग सातवं, मग पुन्हा तिसरं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “उलटसुलट आहे.”

मग त्याने सांगितलं ते असं. तिसरं प्रकरण त्याने अगदी सुरुवातीला लिहिलं होतं, पेटी हातात यायच्याही आधी. तेव्हा होस्ट म्हणजे आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर, असं त्याच्या डोक्यात होतं. सातवं प्रकरण लिहिलं वर्षभराने. ज्या अवजाराने, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने, बिल्ड करायचं, त्याच्या माहितीपुस्तकातून त्याने ते जवळजवळ उतरवूनच काढलं होतं, आणि त्या पुस्तकात होस्टचा अर्थ नेमका उलटा होता. टार्गेटचंही तेच. एका ठिकाणी टार्गेट म्हणजे पेटी. दुसऱ्या ठिकाणी टार्गेट म्हणजे अवजाराला ‘हे करून दे’ म्हणून सांगायचं काम. डॉक्टरने सातव्या प्रकरणातल्या सेटिंगच्या फाइलीत होस्टपुढे तिसऱ्या प्रकरणातला अर्थ भरला असणार. म्हणजे प्रोग्राम तयार झाला, पण तिच्याच कॉम्प्युटरवर चालेल असा. पेटी मुकीच राहणार.

“तुझ्या हे कधी लक्षात आलं?” बाईंनी विचारलं.

“पहिल्याच वर्षी.”

दादाने कागद मांडीवर सरळ केले.

“तोवर दोनशे लोक वापरत होते,” तो म्हणाला. “म्हटलं, चाललंय ना. कोणी अडलं तर तू उत्तरं देत होतीस. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू सांभाळून घेतेयस.”

“आणि मला वाटलं, तुला कळलंय,” बाई म्हणाल्या. “मला काय कळणार होतं, दादा? तू लिहिलंयस म्हणजे त्यात काहीतरी अर्थ असेल, असं धरून चालले मी. लोकांनाच समजत नाही म्हणायचे.”

वहिनी पाण्याचे पेले घेऊन आली, दोघांची तोंडं बघून ते तिथेच ठेवून परत गेली. थोड्या वेळाने दादा हसला, पण त्यात आवाज नव्हता. बाईंनाही हसू आलं. रागवायला अंगात जोर लागतो, तो दोघांकडेही नव्हता.

परतताना बसमध्ये त्यांनी डॉक्टरला उत्तर लिहिलं. तयार फाइलीतलं नव्हे. सातव्या प्रकरणातल्या जागी होस्ट म्हणजे पेटी, एवढं पहिल्या ओळीत लिहिलं. मग लिहिलं की सहा वर्षांपूर्वीचं उत्तर तिथे लागू नव्हतं, आणि ते कुठे लागू होतं हे मी सांगितलं नाही. चूक पुस्तिकेची आहे आणि माझी आहे. पिल्लांचं वाचून फार वाईट वाटलं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोरमवर मजकूर टाकला. डॉक्टरची परवानगी घेऊन तिचं पत्र वर ठेवलं. त्याखाली स्वतःची दोन्ही उत्तरं ठेवली, आणि लिहिलं की ही दोन्ही माझी आहेत, यांच्यामुळे आणखी कोणाकोणाचे दिवस फुकट गेले ते मला आता शोधता येणार नाही. पुस्तिका शब्दाशब्दाने तपासून बदलायची आहे.

पहिला जबाब आला लोहाराचा. हा कोणी खरा लोहार नव्हता. फोरमवरचा सगळ्यात जुना माणूस, प्रत्येक बदल ठोकून बघितल्याशिवाय आत येऊ द्यायचा नाही, म्हणून लोहार. त्याने चार ओळींत निकाल दिला. हे शब्द सगळ्या जगात चालतात. ज्याला ते माहीत नाहीत त्याने आधी ते शिकावेत. पुस्तिका म्हणजे बालवाडी नव्हे.

मग काय विचारता. तीन दिवसांत नव्वदावर जबाब. कोणी म्हणे, शब्दसूची जोडा. कोणी म्हणे, सूची कोण वाचतो. एकाने होस्टच्या जागी ‘जननी’ आणि टार्गेटच्या जागी ‘बालक’ सुचवलं, त्यावर दोघांनी त्याची टर उडवली, तो रुसून निघून गेला. दुसऱ्याने चक्क बारा नवे शब्द बनवून आणले, त्यातला एकही त्यालासुद्धा सलग दोन वाक्यांत सारखा वापरता येईना. वादाचं मूळ कुठल्या कुठे राहिलं. बाई रोज संध्याकाळी सगळं वाचायच्या, डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायच्या आणि वादात एक अक्षर लिहायच्या नाहीत. भांडायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी पुस्तिकेची सगळी शेहेचाळीस पानं छापून जेवणाच्या टेबलावर मांडली होती.

हे काम त्यांना येत होतं. लाल पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक होस्टपाशी थांबून विचारायचं, बाबा रे, तू कोण? कॉम्प्युटर असेल तर एक रेघ, पेटी असेल तर दोन. होस्ट अठ्ठावन्न ठिकाणी होता. एकतीस एका रेघेचे, बावीस दोन रेघांचे. पाच ठिकाणी कितीही डोकं खाजवलं तरी पत्ता लागेना. बिल्डचे तर तीन अर्थ निघाले: करायची क्रिया, त्यातून निघालेली वस्तू, आणि एके ठिकाणी ते जिथे करायचं ते यंत्र. आठवडाभर त्यांची जेवणं ओट्याशी उभ्याने झाली.

त्या पाच जागांसाठी त्यांनी दादाला फोन केला आणि वाक्यं वाचून दाखवली. तो प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला लावायचा. तीन ठिकाणी त्याने अर्थ सांगितला. चौथ्यापाशी म्हणाला, हे मी का लिहिलं मला माहीत नाही, काढून टाक. पाचवंही काढून टाक, म्हणाला.

नवे शब्द बाईंनी बनवलेच नाहीत. जिथे कॉम्प्युटर होता तिथे लिहिलं ‘तुम्ही ज्यावर काम करत आहात तो कॉम्प्युटर’. जिथे पेटी होती तिथे ‘पेटी’. वाक्यं लांबली, पुस्तिका दोन पानांनी वाढली. वाढू दे, म्हणाल्या.

मग त्यांनी नवऱ्याला बसवलं. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. हाताने वाकबगार, पण प्रोग्रामच्या वाटेला जन्मात गेलेला नव्हता. सुट्टीच्या सकाळी त्यांनी त्याच्यासमोर कॉम्प्युटर, पेटी आणि नवं प्रकरण ठेवलं, आणि काही झालं तरी मला विचारायचं नाही, असं सांगून त्या समोर वही घेऊन बसल्या. पहिली दोन पानं तो सरळ गेला. तिसऱ्यावर थांबला. वर गेला, खाली आला, चष्मा काढून पुसला.

“विचारू नको म्हणालीस, पण विचारतो,” तो म्हणाला. “इथे लिहिलंय, ‘आता तो बंद करून पुन्हा सुरू करा.’ तो म्हणजे कोण?”

बाईंनी वाक्य पाहिलं. ते त्यांनीच लिहिलं होतं, परवाच. त्यांच्या मनात होता प्रोग्राम. नवरा कॉम्प्युटर बंद करायला निघाला होता. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि टेबलावर डोकं टेकलं. नवऱ्याने उठून त्यांच्यासाठी चहा टाकला, आणि परत येऊन चौथं पान उघडलं. असे सहा ‘तो’ आणि दोन ‘ते’ त्या सकाळी सापडले. दुपारी अडीच वाजता पेटीचा दिवा लागला. तिने एकदा ओरडून दाखवलं तेव्हा नवरा दचकला, मग स्वतःवरच खूश झाला. बाईंना मात्र कधी एकदा आडवी होते असं झालं होतं.

बदल पाठवल्यावर लोहाराने तो दहा दिवस अडवून धरला. एका जागी तो बरोबर होता आणि बाईंना ते मानावं लागलं. सेटिंगच्या फाइलीतला होस्ट हा शब्द बदलता येत नव्हता, कारण हजारो पेट्यांच्या फाइली त्याच शब्दावर चालत होत्या. तो बदलला तर त्या सगळ्या आडव्या. तेव्हा तो तिथे राहिला, आणि त्याच्या खाली बाईंनी एक ओळ घातली: ‘इथे होस्ट म्हणजे पेटी. तुमचा कॉम्प्युटर नव्हे.’ लोहार म्हणाला, ही ओळ मला अपमानकारक वाटते. बाईंनी त्याला एकट्याला पत्र लिहिलं. तुम्हाला हे कळायला पहिल्यांदा किती दिवस लागले होते, एवढंच विचारलं. दोन दिवस उत्तर नाही. मग फोरमवर त्याचा जबाब आला: ‘मला पटलेलं नाही. पण अडवत नाही.’ पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर त्याने कधीच दिलं नाही.

बदल मंजूर झाला तो कामाच्या दिवशी, दुपारी. बाई तेव्हा इयत्ता सहावीच्या नद्यांवर होत्या. फोनवर दोन शब्द आले, त्यांनी वाचले आणि पुढची नदी तपासायला घेतली. अकरा वर्षांचं भिजत घोंगडं वाळत पडलं म्हणून काही वाटायला हवं होतं. वाटलं इतकंच, की आज घरी जाऊन टेबल मोकळं करता येईल.

डॉक्टरचं पत्र महिन्याने आलं. तिची पेटी बाईंच्या बसमधल्या उत्तरानेच सुरू झाली होती. आता तिने शेजारच्या गावच्या दवाखान्यासाठी दुसरी केली, नव्या पुस्तिकेवरून, एका बैठकीत. आभार वगैरे फार नव्हते. शेवटी लिहिलं होतं की पाचव्या प्रकरणात ‘इमेज’ शब्द येतो, ते चित्र आहे की पेटीत भरायची फाइल, हे कळायला तिला अर्धा तास लागला. बाईंनी वाचून डोळे मिटले.

होस्टबद्दलचे प्रश्न थांबले नाहीत, कमी झाले. पूर्वी आठवड्याला दोन यायचे, आता महिन्याला एखादा. ते लोक जुनी छापील प्रत वापरणारे असत. बाईंनी तयार उत्तराची फाइल पुसून टाकली होती, त्यामुळे प्रत्येकाला नव्याने लिहावं लागे. त्याने काम वाढलंच.

दादाच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. आवाजात तक्रार होती. पट्टी निघाल्यापासून हा माणूस सकाळ-संध्याकाळ तीच पुस्तिका घेऊन बसलाय, औषध घालायलासुद्धा मान वर करत नाही. त्या रविवारी बाई गेल्या तेव्हा दादाने त्यांच्या हातात एक कागद दिला. चौदा कलमं होती. पुस्तिकेत आणखी कुठे कुठे घोळ आहे आणि तो कधीपासून आपल्याला माहीत आहे, हे त्याने आठवेल तसं लिहून काढलं होतं. एक घोळ तर पहिल्या पानावरचा होता.

बाईंनी कागद खालपर्यंत वाचला आणि पुन्हा वरून सुरू केला. दादा त्यांच्याकडे बघत होता. नव्या डोळ्याने त्याला आता त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत असावा, कारण त्याने हात पुढे करून कागद परत मागितला.

“राहू दे,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

“सगळी मी करणार नाही,” बाई म्हणाल्या. “मी दमलेय, दादा. सात तू घे.”

दादाने घडी घालून कागदाच्या मधोमध अंगठ्याने दाब दिला आणि तो दोन भागांत फाडला. वरची सात त्याने स्वतःकडे ठेवली. त्यातलं पहिल्या पानाचं कलम अवघड आहे, असं तो म्हणाला. बाईंनी खालची सात घडी करून पिशवीत टाकली आणि वहिनीला विचारलं, जेवायला काही आहे का, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.